सातच्या भोंग्यानंतरचं घर

श्रावणातला शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर भरलेली पालकसभा. दंड एकवीस रुपये. हजर: शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बाळारामदादा, सहशिक्षिका म्हात्रे मॅडम, तीसेक पालक, त्यात पुरुष चार, आणि मुख्याध्यापक म्हणून मी. दंड भरणारी सुनंदा. तिसरीतल्या रियाची आई.

नाव मीच वाचलं.

"सुनंदाताई, मंगळवारी आणि गुरुवारी भोंगा झाल्यावरही तुमच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता. बरोबर?"

"व्हय."

"काही कारण?"

ती खाली बघत म्हणाली, "नाय."

मागून एक बाई म्हणाली, "शिरियल चुकत आसंल गो तिची!" हशा झाला. बाळारामदादांनी दटावलं, "दात काय काढताव? उद्या तुमचापन नंबर लागंल."

सुनंदाने वीसची नोट आणि एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवलं. मी पावती फाडली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बरं वाटलं होतं. नियम सगळ्यांना सारखा, हे दिसलं होतं.

भोंग्याचं सांगतो. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पेण आणि गडबच्या मधल्या एका गावात. मुलं हुशार, पण घरी पुस्तक उघडत नसत. संध्याकाळ टीव्ही आणि मोबाईलमध्ये जायची. म्हणून गावाने ठराव केला. समाजमंदिरावर भोंगा बसवला. सातला तो वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने शेजारी बसायचं. शिकवता आलं नाही तरी चालेल, नुसतं बसायचं. आयांची एक जोडी रोज गावातून फेरी मारायची. ज्या घरातून आवाज येईल त्याचं नाव माझ्याकडे. दोनदा नाव आलं तर दंड.

कल्पना माझी होती. माझ्या घरी असंच चालायचं. मी रोह्याला राहतो. सातच्या ठोक्याला माझी बायको मुलाला घेऊन बसते, मी गणित बघतो. आमच्या घरात जमतं ते सगळ्यांना जमावं, असा माझा हिशोब.

आणि हिशोब जुळतही होता. वाचनाच्या चाचणीत फरक पडला. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी, बैठकीत आमच्या शाळेचं नाव घेतलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच सुनंदा ऑफिसच्या दारात उभी. डब्याची पिशवी खांद्याला.

"गुरजी, रियाचा दाखला काढा. रोह्याला मामाकडं धाडते तिला."

"वर्षाच्या मध्येच? का?"

"मामा हाय तिकडं."

"दंडाचा राग आला का?"

"राग कसला? मना कामावं जायाचाय. कवा मिलंल?"

मी बुधवारी या म्हणालो. ती गेली. रिया वर्गात पहिल्या बाकावर बसायची. पाढे खणखणीत, हात कायम वर. तिच्या पाठचा भाऊ तीन वर्षांचा, घरीच. आईबापांपासून आणि भावापासून तोडून मुलीला मामाकडे ठेवायचं, ते टीव्हीच्या दंडापायी? मला ते जुळेना.

म्हात्रे मॅडम गावातल्याच. त्यांना विचारलं. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, एक दिवस संध्याकाळी थांबा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. थांबा."

तेव्हा लक्षात आलं. सात वर्षं या शाळेत होतो आणि सातला या गावात कधीच नव्हतो. शाळा सुटली की पेण स्टेशन, तिथून रोह्याची गाडी. मुख्याध्यापक गावात राहतात, असा दाखला ग्रामसभा मला दर वर्षी देत होती. घरभाडं भत्त्यासाठी तो मी मागून घेत होतो. भोंगा बसवला मी, पण त्याचा आवाज कसा आहे ते मला माहीत नव्हतं.

मंगळवारी थांबलो. भोंगा वाजला. एकेक टीव्ही बंद होत गेला. ओटीवर मुलं, शेजारी आजी, कुठे आई. बघून छाती फुगावी असंच ते दृश्य होतं. मी गावाच्या टोकाला सुनंदाच्या घरी गेलो. खाडीकडचं शेवटचं घर. दार बंद. आत दिवा, पण आवाज नाही. मी कडी वाजवली.

आतून रियाचा आवाज. "आई न्हातेय. मंग या."

पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा वाजवली. "आई न्हातेय."

"रिया, मी आहे. गुरुजी."

पावलं दारापाशी आली. मग ती म्हणाली, "गुरजी या टायमाला नसतात. ते रोह्याला जातात."

मी ओळख पटवायला तिला तेराचा पाढा विचारला. तिने तो बिनचूक म्हटला, पण दार उघडलं नाही. आत धाकटा रडायला लागला. ती त्याला दबक्या आवाजात सांगत होती, "गप ना रं, टीवी नाय लावायचा, पावती फाडतान."

मी पायरीवर बसून राहिलो.

सुनंदा आली तेव्हा आठ वाजून गेले होते. हातांना सोनेरी रंग. मला बघून ती पळतच आली. "काय झाला? पोरा कुठं हायेत?"

"आत आहेत. ठीक आहेत."

तिने हाक मारली, दार उघडलं, धाकटा येऊन बिलगला. मग ती माझ्याकडे वळली.

"बघितलाव? आता लिवा परत नाव."

"सुनंदाताई, त्या दिवशी सभेत का नाही बोललात?"

"काय बोलू? ह्यांची कंपनीत सेकंड शिफ्ट. मी गणपतीच्या कारखान्यात. सातला माज्या घरात दोन पोरा यकटी असतात, आसा तीस मानसांत सांगू? टोकाचा घर हाय माजा. मीच सांगितलंवता, दार लाव आन् टीवी मोठ्यान लाव. भायेरच्याला वाटला पायजे घरात मोठा मानूस हाय."

ज्या आवाजासाठी मी दंड केला, तो तिने लावलेला पहारा होता. तो मी काढून घेतला होता. शिवाय घरात एक मोठं माणूस बसलंच पाहिजे असा नियम. ते नसेल तर सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती. फक्त हशा आणि पावती.

मी पाकिटातून एकवीस रुपये काढले. तिने हात मागे घेतला.

"पावती हाय माज्याकडं. ऱ्हाऊ द्या."

बुधवारी रात्री सभा बोलावली. झालं ते सांगितलं, सुनंदाचं नाव न घेता. सगळ्यांना कळलंच. शनिवारी शिरियलवरून हसवणारी बाई म्हणाली, "गुरजी, मीपन कारखान्यात जातंय. आमच्या घरी सासू हाय म्हनून, नायतर माजी गत तीच." त्याच कारखान्यातल्या, मुलं एकटी ठेवणाऱ्या आणखी तीन आया निघाल्या. त्यांची नावं कधी आली नव्हती. घरात कोणी नाही असं वाटावं म्हणून त्यांची मुलं भोंगा झाला की दिवा मालवून अंधारातच बसत.

बाळारामदादा म्हणाले, "अशी पोरा माज्या पडवीत बसवा."

सुनंदा पहिल्यांदाच सभेत बोलली. "मना पोरीला कुनाच्या दारात बसवायची नाय. मना सातला घरी येवं द्या. येवढाच करा."

गुरुवारी मी आणि बाळारामदादा पेणला कारखान्यात गेलो. मालक मूर्तीला मुकुट चढवत होते. ऐकून म्हणाले, "गणपती काय पुढे ढकलणार का गुरुजी?"

मी म्हणालो, "या चौघींना तासभर लवकर सोडा, सकाळी तासभर आधी येतील. सकाळी नवरे घरी असतात."

"आठला ब्रश हातात दिसला पाहिजे. मग सहाला सोडतो. दादांच्या शब्दावर."

माझ्या शब्दावर नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

राहिली मिनीडोर, म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा. ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि सहाला भरत नाही. चालक म्हणाला, "बाया चार. दोन शिटा काय माज्या खिशातनं?"

शुक्रवारी सकाळी सुनंदा शाळेत आली. दाखला लिहून तयार होता. तिने तो वाचला, घडी घातली आणि परत टेबलावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. गणपतीपत्तुर बघू. मिनीडोर चुकली तर परत येईन." मी त्यावर 'रद्द' असं लिहिलं. सही करताना वर बघवलं नाही.

दंड बंद केला. भोंगा अजून वाजतो. फेरी मारणाऱ्या आया आता आवाज कुठून येतो ते ऐकत नाहीत, घरात कोण आहे ते विचारतात. मी आठवड्यातून दोनदा थांबतो, शेवटच्या गाडीने जातो. यातून शिकलो ते एवढंच: नियम ज्या वेळेला लावायचा, त्या वेळेला तिथे एकदा उभं राहून बघावं. हे मला आधी कळायला हरकत नव्हती. पगार त्याचाच घेत होतो.

गणपतीपर्यंत दोन रिकाम्या सीटचं भाडं दर शनिवारी मिनीडोरवाल्याला रोख दिलं. समितीच्या पैशातून नाही, माझ्या.