गायरानाचा ठराव

माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात मिरवावं असं माझ्याकडे एवढं एकच होतं, आणि ते मी भरपूर मिरवलं. जिंतूरच्या एका शाळेत कारकुनी केली, तिथे हेडमास्तर बदलत राहिले, पण महत्त्वाचा कागद असला की तो माझ्याच टेबलावर यायचा. निवृत्त होऊन गावी परतलो तर गावानेही तेच काम दिलं. रेशनचा अर्ज, वारसाचा अर्ज, विजेच्या खांबाची तक्रार, सगळं माझ्या ओट्यावर लिहिलं जायचं. चहा पाजूनच अर्ज लिहून द्यायचो आणि वर चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवायचो. मजकूर आणि सही यांच्यामध्ये कोरी जागा सोडू नये, राहिलीच तर तिच्यावर तिरपी रेघ ओढावी, नाहीतर मागाहून कुणीही मधे काहीही घुसडतं, हे तर मी गावातल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलं असेल. लोक मान हलवायचे. कारकुनाचं कोण मनावर घेतो!

आमचं गाव चारठाण्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीला. चारठाण्याची देवळं पाहायला लोक लांबून येतात आणि तिथूनच माघारी फिरतात, त्यामुळे आमच्याकडे बाहेरचं माणूस सहसा येत नाही. गावामागून माळ चढत जातो आणि वर मोठी सपाटी लागते, तेच आमचं गायरान. दगड, कुसळी गवत, थोडे पळस आणि वारं. आषाढात वर उभं राहिलं तर डोक्यावर टोपी टिकत नाही. या वाऱ्याला आम्ही जन्मभर शिव्याच दिल्या, कारण ते उभी ज्वारी लोळवतं.

गायरानाच्या मावळतीच्या कडेला मात्र दगड नाहीत. तिथे बौद्धवाड्यातल्या सात घरांची वावरं आहेत. आहेत म्हणायची सवय अजून जात नाही. माझ्या वर्गमित्राच्या वडिलांनी तिथला एकेक दगड उचलून कडेला रचला, तो बांध छातीएवढा झाला तेव्हा खाली माती दिसायला लागली. हे ऐकीव नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर वर जायचो, ते दोघे दगड वेचायचे आणि मी बांधावर बसून ओला हरभरा खायचो. सगळं गाव त्या तुकड्याला ‘वरचं वावर’ म्हणत आलं. सातबारा नव्हता, कागदावर ती सरकारी गायरानाची जमीन. मराठवाड्यात अशी वावरं गावोगाव आहेत, सगळ्यांना माहीत असतात आणि कुठेच लिहिलेली नसतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तो आमच्या घरी यायचा तेव्हा त्याच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा असायचा. कोनाड्यात, पालथा. मी तो पाहत होतो, त्यालाही दिसत होता, आणि आम्ही दोघं त्याविषयी एक अक्षर कधी बोललो नाही. पुढे पेला गेला, आई गेली, तो माझ्या ओट्यावर माझ्याच कपातून चहा पिऊ लागला. मला वाटलं, मिटलं सगळं.

गायरानावर एक नवा खांब उभा राहिला, तो त्यानेच पहिल्यांदा पाहिला. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी सकाळी ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, “वर कायतरी लोखंडी खांब रोवायलेत. लय उंच. वर वाट्या फिरायल्यात गरगरा.”

“वारं मोजत असतील,” मी म्हणालो.

“वारं कशाला मोजायचं? फुकटचं तर हाय.”

महिनाभरात कळलं की पवनचक्क्या येणार. कंपनीचा एक माणूस यायला लागला, गोड बोलणारा, प्रत्येक घरात कॅलेंडर वाटणारा. वरच्या आळीतल्या काहींना रस्ता होईल, पोराला राखणदाराची नोकरी मिळेल, असं वाटू लागलं. पण बहुतेक गाव घाबरलं होतं. सुरुंगांनी विहिरींचं पाणी जाईल, मोठ्या गाड्यांनी शेतांमधल्या पांदीची वाट लागेल, जनावरं कुठे न्यायची? ग्रामपंचायतीपुढे सगळे जमले तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला की चराईला थोडंसंच कुंपण पडेल, पाट्या लावू. तेव्हा माझा मित्र उठला.

“सायेब, माझी शेळी पाट्या वाचत न्हाई,” तो म्हणाला. “तिला कोन सांगावं हितं कुंपण हाय म्हणून? तुमी सांगताव का?”

गाव पोट धरून हसलं. कंपनीचा माणूसही हसला, पण त्या दिवसापासून विरोधाला तोंड फुटलं आणि ते तोंड माझ्या मित्राचं होतं. तो दारोदार फिरला. ज्या वाड्यांच्या पायऱ्या त्याचा बाप चढला नव्हता, तिथे तो बैठकीत बसून बोलला. जिंतूरला तहसीलवर आमचा मोर्चा गेला तेव्हा वरची आळी आणि बौद्धवाडा एकत्र चालत होते, पुढे तो, आणि मागे मी, बगलेत फाइल घेऊन. गाव करील ते राव काय करील, असं मी त्या दिवशी चारचौघांत मोठ्याने म्हणालो. मला खरंच अभिमान वाटला होता.

मग ग्रामसभेचा ठराव करायचं ठरलं. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. ग्रामसेवकाकडे तीन गावं, तो आठवड्यातून दोन दिवस येणार. सभा संपायच्या आत लोक उठून चाललेले असतात, म्हणून ठरावाच्या वहीत सह्या आणि अंगठे आधी घेतात आणि वरचा मजकूर मागाहून सवडीने लिहितात. वर्षानुवर्षं असंच. कोऱ्या पानाखाली सगळं गाव सही करतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही, जो मी तिरप्या रेघेचं प्रवचन झोडत हिंडायचो!

मित्राने सही केली. शाळेत शिकलेली, पहिलं अक्षर इतरांच्या दुप्पट. ग्रामसेवक मला म्हणाला, “काका, मजकूर तुमीच लिहा. तुमच्या हातचं वजनदार होतंय.” मी मित्राला विचारलं, “उद्या लिहून झाल्यावर वाचून दाखवू का?”

“तू लिहिलंस म्हंजे झालं,” तो म्हणाला आणि शेळ्या सोडायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीत बसून लिहायला घेतलं. जनावरांची चराई, पाणवठे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा, सगळं झोकात उतरलं. ग्रामसेवक शेजारी बसून वाचत होता. तो म्हणाला, “काका, एक ओळ टाका. त्यात कोणाची वहिती न्हाई म्हणून. न्हाईतर वरचे सायेब म्हणतील, गायरान तर तुमच्याच लोकांनी नांगरलंय, मग चराईचं कशाला रडताव?”

कार्यालयाच्या नजरेने त्याचं बरोबर होतं. माझं पेन थांबलं. मला वरचं वावर आठवलं का? आठवलं. बांध, हरभरा, सगळं. मी मनाला सांगितलं की ही कागदावरची गोष्ट आहे, कागदावर तशीही त्यांची वावरं नाहीतच, मग लिहिल्याने काय बिघडतंय? आणि लिहिलं. ‘सदर गायरान पूर्णतः चराईसाठी राखीव असून त्यात कोणाचीही वहिती अथवा अतिक्रमण नाही.’ वाक्य इतकं नेटकं झालं की मी ते दोनदा वाचून खूश झालो. त्याची लाज मला आजही वाटते.

बौद्धवाडा ग्रामपंचायतीपासून विडी ओढून संपेपर्यंतच्या अंतरावर आहे. मी वाचून दाखवायला गेलो नाही. त्याचा विश्वास आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की त्या सात घरांपुढे उभं राहून ती ओळ वाचायची माझी हिंमत नव्हती.

पुढचं वर्ष निम्मं सरलं तेव्हा आदेश आला. गावाची हरकत फेटाळली होती. मनोऱ्यांना जागा थोडी लागते, मधल्या मोकळ्या जागेत जनावरं चरू शकतात, सबब चराईला बाध नाही. आणि खाली आणखी एक परिच्छेद होता. ग्रामसभेच्याच ठरावानुसार या जमिनीत कोणाची वहिती नाही, सबब कोणाची संमती घेण्याचा किंवा पिकाच्या भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणतात. माकड झालं असतं तरी चाललं असतं.

मोजणीवाल्यांनी वर चुन्याची फक्की टाकून खुणा केल्या. मनोऱ्याचा एक गोल मित्राच्या वावरात मधोमध पडला. तूर फुलावर होती. शेजारच्या तालुक्यात अशाच वावरांना पिकाची भरपाई मिळाली, असं कुणीतरी त्याला सांगितलं म्हणून तो एसटीने जिंतूरला गेला. तिथल्या कारकुनाने कपाट उघडून आमच्या ठरावाची प्रत त्याच्यापुढे फिरवली आणि सहीवर बोट ठेवलं.

परत आला तो सरळ माझ्या ओट्यावर. ओरडला नाही. खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली.

“ही दस्तखत माझीच हाय न्हवं?”

“हो.”

“अन् वरचं अक्षर?”

“माझं.”

त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, “लिहिताना तुला वावर ध्यानात आलं न्हवतं का?”

खोटं बोलणं सोपं होतं. आयुष्यभर कागदावर तेच तर केलं. पण तो समोर होता.

“आलं होतं,” मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. “न्हवतं आलं म्हणाला असतास तर बरं झालं असतं,” तो म्हणाला आणि उठून गेला. चहा तसाच राहिला.

यंत्रांनी तूर काढून टाकली आणि बांधाचे दगड रस्त्याच्या भरावात घातले. त्याच्या बायकोने त्या दिवशी वर जाऊन मुळासकट पडलेली तूर गोळा केली, जळणाला, आणि डोक्यावर भारा घेऊन माझ्या घरासमोरून गेली. पूर्वी ती थांबून माझ्या बायकोशी बोलायची. गावाचा विरोध हळूहळू विरला. दोन घरांत राखणदाराची नोकरी आली, पांद पक्की झाली, विहिरींना अजून तरी पाणी आहे. जनावरं मनोऱ्यांखाली चरतात, तेवढं आदेशात लिहिलेलं खरं ठरलं. गावाचं तसं काही गेलं नाही. गेलं ते सात घरांचं, आणि कागदावर ते कधी त्यांचं नव्हतंच. पाती फिरतात त्यांचा घूंऽऽ घूंऽऽ आवाज माझ्या ओट्यावर येतो. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही, आणि होऊ नये असंही वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात तो आला. दीड वर्षाने. परभणीला वरिष्ठांकडे दाद मागता येते, असं त्याला कळलं होतं, आणि त्यासाठी अर्ज हवा होता. दुसऱ्या कुणाकडूनही तो लिहून घेऊ शकला असता. का आला, हे मी विचारलं नाही. कदाचित ज्याने लिहिलं त्यानेच पुसावं, असं त्याला वाटलं असेल.

मी लिहिलं. बाप-लेकांनी दगड वेचून केलेलं वावर, दोन पिढ्यांची वहिती, आणि पुढे हेही की ठरावातली ती ओळ मी, खाली सही करणाऱ्या कारकुनाने, खरी स्थिती माहीत असताना लिहिली. लिहिताना अक्षर जरा बिघडलं. डाव्या कोपऱ्यात लेखनिक म्हणून माझी सही केली, कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सवयीने पेन पुढे केलं.

त्याने पेन घेतलं नाही. “वाच,” म्हणाला.

मी वाचलं.

“पुना वाच.”

पुन्हा वाचलं. मग त्याने खिशातून चष्मा काढला, एका काडीला दोरा बांधलेला, आणि कागद स्वतःकडे ओढून एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत तो स्वतः वाचायला लागला. शाळा सुटल्यापासून त्याने इतकं मोठं काही वाचलं नसावं. माझ्या बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मी भिंतीकडे पाहत बसलो.

वाचून झाल्यावर त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं. मजकूर संपला होता तिथून सहीच्या जागेपर्यंत दोन बोटं कोरी जागा उरली होती. तिच्यावर त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश तिरपी रेघ ओढली, माझ्यादेखत, आणि मग तिच्याखाली सही केली.