दसऱ्यातली भरगच्च हजेरी

प्रतिभा पगारे यांचा स्वभाव संशयी होता आणि त्यांना त्याची लाज वाटत नसे. दूधवाला जरा जास्त हसला तरी त्या आधी पातेल्यात डोकावत. वडिलांनी नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये सगळी नोकरी काढली. रोज सुटताना फाटकावर झडती व्हायची. "झडती झाली की मान ताठ ठेवून घरी येता येतं," असं ते म्हणत, आणि लेकीने ते फारच मनावर घेतलं. पुढे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना या गुणाचा उपयोगच झाला. पगारे मॅडमची सही असलेला कागद दुसरं कोणी तपासायच्या भानगडीत पडत नसे.

म्हणूनच प्राचार्यांनी त्यांना तंत्रज्ञान आणि नवोपक्रम प्रमुख नेमलं, तेव्हा टाळ्या संपायच्या आत त्यांच्या मनात आलं, मीच का? फोनवर बसचं तिकीट काढायला भाचीला हाक मारणारी बाई मी. संगणकाचे ललित सर समोर बसलेले असताना हा मान माझ्या गळ्यात कशाला? त्यांनी तोंडावर विचारलंही.

"मॅडम, नेतृत्वाला तंत्र लागत नाही, विश्वास लागतो," प्राचार्य गोड हसून म्हणाले. गोड हसणं मॅडमना कधीच पचलेलं नव्हतं.

पहिला उपक्रम हजेरीचा. ललित सरांनी ॲप बनवलं. विद्यार्थ्याचा फोन वर्गात शिरला की हजेरी आपोआप लागायची. उद्घाटनाला मॅडमनी भाषण केलं, तेही ललित सरांनीच लिहून दिलेलं: "यापुढे तुमचा फोन आला म्हणजे तुम्ही आलात!" पोरांनी बाकं वाजवली. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, हा नियम मात्र जुनाच राहिला. दिवाळीनंतर मूल्यांकन समिती येणार होती आणि हजेरीच्या अहवालाखाली सही मॅडमची जाणार होती.

दसऱ्याच्या आठवड्यात त्यांनी आकडे उघडले आणि त्यांचं डोकं ठणकलं. सकाळच्या पहिल्या तासाला वर्ग भरगच्च! दसऱ्याच्या तोंडावर, झेंडूचा भाव चढलेला असताना, दारणा नदीकाठच्या फुलवाल्यांची पोरं सकाळी वर्गात? शेतात मग कोण होतं? पहिला तास ललित सरांचा, ॲपही त्यांचंच. आकडे आतून फुगवून साहेबाची मर्जी राखतोय हा पोरगा, असं मॅडमनी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न सांगता त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

वर्ग अर्धा रिकामा होता. ललित सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. मॅडमच्या फोनवर मात्र सगळे हजर.

तेवढ्यात दारणाकाठच्या गावातून येणाऱ्या दिशाच्या बाकाखालून फोनचा गजर वाजला. तो थांबतो न थांबतो तोच दुसरा वाजला, मग तिसरा. मॅडम उठल्या. बाकाखाली प्लास्टिकचं कॅरेट होतं, वर झेंडूची फुलं पसरलेली. फुलं बाजूला केली तर खाली टॉवेलात गुंडाळलेले फोनच फोन.

"सर, तुम्हाला रिकामी बाकं दिसत नाहीत?" मॅडम कडाडल्या.

"हजेरी ॲप घेतं मॅडम," ललित सर पुटपुटले. "मी मोजतच नाही."

मॅडमनी दिशाला बाहेर घेतलं. पोरगी घाबरली नव्हती, आणि याचाच त्यांना जास्त राग आला.

"चोरी करायची ती करायची, वर मान वर करून उभी राहतेस?"

"चोरी कसली मॅडम?" दिशा खरोखरच बुचकळ्यात पडली. "आमच्यात कामाच्या पाळ्या असतात. फुलं तोडायला सगळे लागतात, बाजारात एकच जण समद्यांचा माल नेतो. त्याला कोणी म्हणतं का, की बाकीचे आले नाय? आज तासाला माझी पाळी हाय. संध्याकाळी मी समद्यांना समाजमंदिरात शिकवते. आन् फोन आला म्हणजे पोरगं आलं, हे तुम्हीच तर सांगितलं ना?"

मॅडमना यातलं अर्धंही पटलं नाही. पण शेवटचं वाक्य त्यांच्याच भाषणातलं होतं, आणि त्या तरातरा प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "गणपतीपासून चाललंय. आकडा छान दिसतोय, राहू द्या. समितीवाले आकडा बघतील, मग खालची सही बघतील. तुमची सही म्हटल्यावर कोण शंका घेणार?"

मॅडमची कानशिलं तापली. जन्मभर जपलेला संशय या माणसाने दुकानाच्या पाटीसारखा वापरायला काढला होता. त्यांना रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही एवढं त्यांनी पाळलं. खरा आकडा लिहावा तर दिशाच्या गावची सगळी पोरं पंच्याहत्तरच्या खाली जाऊन वर्ष गमावणार. खोटा लिहावा तर पगारे हे नाव संपलं.

त्या ललित सरांकडे गेल्या. "मी तुमच्यावर संशय घेतला. निम्मा चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "उरलेला निम्मा फेडायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत बुडालेले तास पुन्हा घ्या. दुपारी, फुलं बाजारात गेल्यावर."

ललित सरांनी खाली मान घालून होकार दिला.

अहवालात खरा, पडलेला आकडा गेला, आणि तास भरून घेत असल्याचंही. खाली सही मॅडमची. प्राचार्यांनी आठवड्याच्या आत प्रमुखपद काढून घेतलं; म्हणाले, अधिक उत्साही माणूस हवा.

सुट्टीभर भर दुपारी वर्ग भरला. दारात मॅडम उभ्या राहत, तोंडाने नावं पुकारत, प्रत्येकाचं तोंड निरखून मगच आत सोडत. पोरं कुरकुरत, पण येत. सुट्टी संपायच्या आधीच सगळ्यांचे बुडालेले तास भरून निघाले. आता कोणाला यायची गरज उरली नव्हती.

"मॅडम," जाताना दिशाने विचारलं, "आता तरी आमच्यावर विश्वास बसला का?"

मॅडमना हो म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं, पण जीभ वळेना.

"नाही बसला," त्या म्हणाल्या. "उद्या पण या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळेच्या सगळे आले, आणि मॅडमनी हजेरी घेतली नाही.