न आलेलं उत्तर

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या बसस्टँडवर होतो. तिलाच दवाखान्यात भेटायला संभाजीनगरच्या गाडीत चढत होतो. तिच्या वडिलांनी, धावड्याच्या गुरुजींनी, "आता नका येऊ, भाऊ" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. गाडी निघून गेली, मी खालीच उभा राहिलो...

आम्ही दोघं मिळून भोकरदनला वेबसाइट बनवायचो. गिऱ्हाईक मी सांभाळायचो, कोड ती लिहायची. आमचं पटायचं कमी, भांडण जास्त. माझा राग नाकावर, आणि ती तोंडावर चुका दाखवणारी. पण तिच्याशिवाय ते ऑफिस एक दिवस चाललं नसतं.

जालन्याच्या एका लॅबचं काम मिळालं होतं. पेशंटनं नंबर टाकला की पान मागच्या मागे सर्व्हरला रिपोर्ट विचारायचं आणि बिघडलेले आकडे लाल अक्षरांत दाखवायचं. लाल काहीच नसलं तर हिरवी ओळ यायची : 'काही दोष आढळला नाही.' मला हे झक्कास वाटलं होतं. सुजातानं मुद्दाम असा नंबर टाकला, ज्याचा रिपोर्ट अजून भरलेलाच नव्हता. सर्व्हरनं उत्तर धाडलं, पण रिकामं. रिकाम्यात लाल कुठून असणार? पानानं बिनदिक्कत हिरवी ओळ दाखवली.

"भाऊ, तपासलंच न्हाई अन् आपण सांगून राह्यलो, बिलकुल ठणठणीत आहे म्हणून," ती म्हणाली. तिनं लगेच दुरुस्ती केली. उत्तर रिकामं आलं तर पानानं सरळ सांगायचं : 'उत्तर आलेलं नाही. लॅबमध्ये विचारा.'

लॅबचा मालक वैतागला. लोक दिवसभर फोन करून डोकं खातात, ती ओळ काढा, म्हणाला. मला गिऱ्हाईक तुटायची धास्ती, पण ही बाई बधली नाही.

मग तिचंच वजन उतरायला लागलं. रक्त त्याच लॅबमध्ये दिलं. रोज पान उघडायची, रोज तीच 'उत्तर आलेलं नाही'ची ओळ. शेवटी स्वतः जाऊन खडसावलं तेव्हा कळलं, नमुना तपासलाच नव्हता, कुठं गेला तेही कुणाला सांगता येईना. दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं आणि आजाराचं नाव समजलं. "हिरवं दिसलं असतं ना, तर मी पण घरीच बसले असते," ती दवाखान्यात मला म्हणाली. उशीर तरीही झालाच होता. पण आईजवळ राहायला तिला काही महिने मिळाले, हे मी विसरणार नाही.

तिचा जलदान विधी उरकून परतलो तर मालकानं साइट दुसऱ्या कुणाला तरी दिलेली. मला राहवेना. पान उघडलं आणि सुजाताचा तोच नंबर टाकला, ज्याची तपासणी कधी झालीच नाही. गोल चक्र क्षणभर फिरलं... आणि हिरव्या अक्षरांत उमटलं, काही दोष आढळला नाही. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो, मग संताप आला. मालक तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

आज सकाळी तीर्थपुरीहून मावशीचा फोन आला. तिनंही जालन्याच्या त्याच लॅबमध्ये रक्त दिलं होतं. आवाजात नुसता आनंद. "सगळं हिरवं आलं रे बाबा. आता चिंता न्हाई."

लॅबनं कागद दिला का, मी विचारलं. कागद कशाला, मोबाईलवर दिसून राह्यलं की, ती म्हणाली. मी तिला घरीच थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या लॅबमध्ये न्यायला गाडी काढली.