खेजडीवरचे डबे

राजस्थानातल्या एका बंद पडलेल्या खाणीच्या गावात आम्ही भंगारातून केलेली, उघड्यावर मांडलेली शिल्पं बघत हिंडत होतो. गजांचा उंट, ट्रॉलीच्या चाकांचा मोर. पुढे खेजडीच्या झाडाला जेवणाचे जुने डबे टांगलेले दिसले. "वा, काय कल्पना आहे!" म्हणत मी मध्ये आलेल्या म्हातारीला हातानेच बाजूला केलं. बघायला आलेल्या माणसाला सगळं गाव आपल्यासाठीच मांडलंय असं वाटतं. ती घागर घेऊन उन्हात थांबली. फोटो झाल्यावर तिने एका डब्यात पाखरांसाठी पाणी ओतलं, ओढणीने त्यावरची धूळ पुसली.

"घरवाले का है. खदान से बस यही लौटा."

मी फोन खाली घेतला. तिनेच काळजीने विचारलं, "फोटू ठीक आया ना? नहीं तो फिर हट जाती हूँ."