देवरावची कापसाची खोली

देवराव गेल्याची बातमी मला शेगावच्या स्टेशनवर कळली. मी गाडीत चढत होतो, गावातला एक जण उतरत होता. "मास्तर, तुमचा माणूस गेला," तो म्हणाला. तुमचा... देवरावचा जन्म त्या गावात गेला, आणि तो मेल्यावर गावानं त्याला माझ्या नावावर करून टाकलं. मी प्रवास सोडून जळगाव जामोदची मोटर धरली. पोचलो तेव्हा राखही निवली होती.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात मी बरीच वर्षं शाळामास्तर होतो. संध्याकाळी देवरावच्या ओसरीवर पेपर मोठ्यानं वाचणं हे माझं दुसरं काम. ओसरी भरलेली असायची. मी बातमी वाचायचो, देवराव तिचा अर्थ लावायचा आणि लोक त्याचंच खरं मानायचे. जपानशी लढाई जुंपली, तिकडे जाणारा माल थांबला, आमच्या आखूड धाग्याच्या कापसाला कोणी विचारेना, तेव्हा सरकारनं किमान भाव बांधून दिल्याची आणि त्या भावानं स्वतः खरेदी करणार असल्याची बातमी मीच वाचली. पेपरातला भाव बहुधा पेपरातच राहतो, असंही मी म्हणालो. देवराव मात्र उठून उभा राहिला. व्यापाऱ्याला बोंडही देऊ नका, सरकार येतं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. लोक थांबले. सरकारसाठी नव्हे, देवरावसाठी.

आमच्याकडे हंगामात समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरतात आणि माणसं ओसरीवर निजतात. त्या साली हंगाम सरला तरी माणसं ओसरीवरच होती. घराघरांत कापूस, आणि अंगाला खाज.

खरेदी आली, उशिरा आली, पण मांडव घालून आली. साहेबांचं भाषण झालं. तराजूला इतके हार घातले होते की रिकामं पारडंही झुकलं. मुहूर्ताची गाडी गावातल्या मानाच्या माणसाची असते, ती अर्थातच देवरावची. बैलांची शिंगं रंगवलेली, नारळ फुटला, साहेबांसोबत फोटो निघाला. आणि मग देवरावनं बैल वळवले आणि गाडी रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली.

मी जवळ गेलो तर म्हणाला, "म्या थांबवलं ना त्याइले? मंग पह्यले त्याइचं मोजू दे."

थोड्याच दिवसांत खरेदी बंद झाली. गोदामात जागा नाही म्हणे. भाषणाला जागा मिळाली होती. अर्ध्या गाड्या भरल्या तशा परतल्या, त्यांत त्याचीही. ज्यांचा माल मोजला गेला ते विसरले. ज्यांचा परत आला त्यांनी तो व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिला, आणि ते विसरले नाहीत. फोटोत तर देवरावच होता.

ओसरी हळूहळू रिकामी झाली. भांडण कोणी केलं नाही. कोणाला काम निघालं, कोणाचा पाय दुखायला लागला. शेवटी मी एका माणसासाठी पेपर वाचू लागलो.

त्याचा कापूस खोलीतच होता. दुसरा हंगाम आला, तिसरा आला. नवा माल तो परस्पर बाजारात पाठवायचा, हा मात्र हलवेना. एकदा मी म्हणालो, "इकून टाक देवराव. सरकार काही येत नाही."

"मले मालूम हाय."

"मंग ठेवला काऊन बे?"

"ठेवला असला तं एखांदा इचाराले तं येईन, काऊन ठेवला म्हनून. इकून टाकला तं थेही नाही."

माझ्याशिवाय कोणी विचारायला आलं नाही.

परवा देवरावच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी खोलीचं दार उघडलं. कापूस पिवळा पडून दबला आहे, उंदरांनी बोगदे केले आहेत. त्या खोलीत आवाज घुमत नाही. सरकारला शिव्या द्यायच्या असल्या की देवराव आत जायचा, बाहेर नुसती कुजबुज यायची. "याचं काय करू, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

ओसरीवर माझ्या नेहमीच्या जागी बसलो. पिशवीत त्या दिवशीचा पेपर होता. पहिल्याच पानावर कापसाचा यंदाचा सरकारी भाव आला होता. वहिनी खोलीचं दार लावायला उठल्या, तेव्हा त्यांना म्हटलं, राहू द्या उघडं थोडा वेळ. आणि मी ती बातमी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतली.