कपात मावणारं पिल्लू

बनावट गिऱ्हाईक बनून गेलो आणि पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर देऊन बसलो. पोलीस खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या हातून याहून मोठा गाढवपणा व्हायचा नाही. चोऱ्या-दरोड्यांच्या मोठमोठ्या केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्यात. नाशिकमधली ही कुत्र्याच्या पिल्लांची केस मात्र तारीख-वार सोडला तर जशीच्या तशी लक्षात आहे. कारण उघड आहे. बाकीच्या केसेसमध्ये मी आरोपी पकडले. या केसमध्ये आरोपीनं मला बरोबर पकडलं.

तेव्हा मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती समोर दिसत होती. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि टीव्ही. सकाळी निघताना टीव्ही चालूच ठेवून जायचो, म्हणजे संध्याकाळी कुलूप काढताना आतून कुणाचा तरी आवाज यायचा. वीजबिल वाढायचं, पण आवाज यायचा.

एकदा सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये बसतोय, तोच ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, बाहेर एक मावशी बसल्यात. तक्रार नाही म्हणतात, पण उठतही नाहीत."

आत बोलावलं. साठीच्या पुढच्या बाई, उन्हानं रापलेला चेहरा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मला तो मनगटी घड्याळाचा वाटला. म्हटलं, घड्याळ चोरीला गेलं असणार.

"कुत्र्याचा हाये," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून मेलं ते. चूक माझी हाये का नाय, तेवढं सांगा साहेब."

"ताई, हे पोलीस ठाणं आहे. इथं माणूस मेला तरी चूक कुणाची हे आम्हाला लवकर सांगता येत नाही."

हा माझा विनोद. त्या हसल्या नाहीत. मग मी चहा मागवला.

बाईंच्या घरचा मखमलाबादच्या बाजूला गुलाबाचा मळा होता. त्यांचे यजमान वारले, मळ्याच्या जागी इमारत झाली आणि त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर बाईंना फ्लॅट मिळाला. ज्या जमिनीवर त्यांनी जन्मभर फुलं तोडली, तिच्यावर आता शेजाऱ्यांच्या गाड्या उभ्या. शेजाऱ्यांची दारं बंद. म्हणून त्यांनी मोबाईलवर जाहिरात पाहून एक पिल्लू घेतलं. पोमेरेनियन, पण 'टीकप'. मोठं झालं तरी ओंजळीत मावेल, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या.

पिल्लू आणलं आणि दोन-तीन दिवसांत ते मलूल झालं, मान टाकली, गेलं.

"मळ्यात कुत्र्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढवल्या मी. शिळी भाकर टाकून. एक नाय मेलं असं," बाई म्हणाल्या. "पुण्याचा पोरगा म्हणतो, आई, तुला एक पिल्लू सांभाळता आलं नाही, तू एकटी कशी राहणार? त्यानं वृद्धाश्रम बघून ठेवलाय. पुढच्या महिन्यात न्यायला येतोय. तुम्ही मला लेखी द्या साहेब, चूक माझी नाय म्हणून. असंल तर तसं द्या. मग मी मुकाट्यानं जाईन."

पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला मिळतो, हरवल्याचा दाखला मिळतो. 'चूक तुमची नाही' असा दाखला कुठल्याच ठाण्यात मिळत नाही. मिळत असता तर पहिला मीच काढला असता. पण बाईंना तसं सांगवेना. मी आमच्या श्वानपथकाची कुत्री तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. खरं सांगायचं तर बाईंना तिकडे पाठवून मोकळं व्हायचा विचार होता.

डॉक्टरीणबाई भडकल्याच. "साहेब, अशी पिल्लं माझ्याकडे सारखी येतायत. टीकप नावाची जातच नसते हो! पिल्लू इवलंसं दिसतं, कारण ते मुळात तान्हं असतं. आईपासून वेळेआधी तोडलेलं. वर ते वाढू नये म्हणून उपाशी ठेवलेलं. एवढ्याशा जिवाला दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर उतरते आणि ते गुंगी येऊन पडतं. लस नाही, जंत भरलेले. अशी पिल्लं विकणारा माणूस एकच असावा असा माझा संशय आहे, पण तक्रार द्यायला कुणी तयार होत नाही."

"का?"

"काय माहीत. सगळे रडतात, पैसे देतात आणि गप्प निघून जातात."

तेव्हा कान टवकारले. फसवलेला माणूस सहसा गप्प बसत नाही. नाशिकचा तर नाहीच नाही.

बाईंची रीतसर फिर्याद घेतली आणि खबऱ्याला कामाला लावलं. बातमी आली, की पाथर्डी फाट्याकडे एका बंगल्यात तळमजल्यावर हा धंदा चालतो, माल खासगी बसनं येतो, द्राक्षाच्या पेट्यांतून. सापळा लावायचं ठरलं. बनावट गिऱ्हाईक कोण? माझी सगळी पोरं लांबूनच पोलीस दिसत होती. मी मात्र, असं आमच्या हवालदाराचं मत, साध्या कपड्यांत रिटायर्ड बँक क्लार्क दिसायचो. हवालदार नामपूरकडचा, जिभेला हाड नाही.

जीपमध्ये त्यानं माझ्याकडून धडा घोकून घेतला. मी एका भरल्या घराचा कर्ता. घरी बायको, मुलगा, सून, नातवंडं. पिल्लू नातवाच्या वाढदिवसासाठी. पिल्लू हातात आलं आणि पैसे दिले, की टोपी काढून रुमालानं डोकं पुसायचं. तो इशारा. मग हवालदार पंचांना घेऊन आत येणार.

दार उघडणारा माणूस तिशीतला, नीटनेटका, बोलणं मधाळ. त्यानं पाणी दिलं, पंखा माझ्या बाजूला वळवला. आतून एक गुटगुटीत तांबूस पिल्लू आणून समोर ठेवलं आणि सहज विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

मी म्हणालो, "मी एकटाच."

आजही मला कळत नाही ते वाक्य कुठून आलं. बहुधा मला तो प्रश्न बरीच वर्षं कुणी विचारला नव्हता. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी बायकोच्या आजारपणाबद्दल सांगितलं. मुलीबद्दल सांगितलं. चालू ठेवलेल्या टीव्हीबद्दलसुद्धा सांगितलं! तो मान हलवत, "हो ना काका" म्हणत ऐकत होता. मग त्यानं ते तांबूस पिल्लू उचलून आत नेलं आणि दुसरं आणलं. पांढरं, त्याच्या निम्म्यानं. चहाच्या कपात ठेवून दाखवलं. "हे घ्या काका. तुम्हाला हेच बरं. महाग आहे थोडं, पण सोबतीला कायम एवढंच राहील."

इथं माझ्यातला पोलीस जागा व्हायला हवा होता. पैसे मी दिले, पण इशारा द्यायला हात मोकळे कुठे होते? ओंजळीत ते पिल्लू झोपलं होतं. टोपी काढायची तर ते खाली ठेवायला लागणार होतं. बाहेर हवालदार आणि दोन पंच उन्हात वाट बघत होते. शेवटी हवालदार स्वतःच्या जबाबदारीवर आत घुसला. मी फरशीवर मांडी घालून बसलेलो.

"साहेब, टोपी?" तो म्हणाला.

"हळू बोल," मी म्हणालो. "झोपलंय."

आतल्या खोलीत द्राक्षाच्या पेट्यांमध्ये दहा-बारा पिल्लं निघाली. एकाचीही आई नाही. पंचनाम्यात मुद्देमालाचं वर्णन लिहिताना आकार आणि किंमत दोन्ही लिहायची होती. आरोपीनं सांगितलेले भाव ऐकून हवालदारानं पेन थांबवलं आणि तो अहिराणीवर आला. "साहेब, आमनाकडे कांदामा गोल्टीले भाव कमी. आठे उलटंच शे! जितली बारीक, तितली महाग." त्याच्या भागात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात. एवढ्या नेमक्या शब्दांत हा धंदा मला कुणी समजावून सांगितला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी एकेका पिल्लाचं तोंड उघडून पाहिलं. आरोपी जी तीन महिन्यांची म्हणत होता, त्यांचे दुधाचे दात जेमतेम हिरड्यांतून वर येत होते. महिन्याची पिल्लं ती. फसवणूक आणि प्राण्यांना क्रूरतेनं वागवणं, दोन्ही कलमं लागली.

राहिली चौकशी. मी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "पहिलं पिल्लू आत का नेलंस?"

"कुठलं साहेब?"

"तांबूस. मी एकटा राहतो म्हटल्यावर आत नेलंस."

आवाज चढवणारे अधिकारी मी पाहिलेत, मीही चढवायचो. त्या दिवशी चढवला नाही. मग तोच सांगू लागला, अगदी दुकानदारी समजावून सांगावी तसं.

"भरल्या घरात धडधाकटच द्यावं लागतं, साहेब. तिथं मेलं तर चार जण भांडायला येतात. एकटं माणूस येत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून आधी विचारून घेतो, घरी कोण कोण असतं."

लेखनिकाचं पेन थांबलं होतं. मीच म्हणालो, "लिही."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नसते, हे प्रत्येक पोलिसाला पाठ असतं. पण ज्या एका बाईसाठी हा तपास सुरू झाला, तिच्यासाठी ती लाखमोलाची होती.

बाईंकडे जायच्या आधी, पिल्लं ठेवली होती त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात डोकावलो. ते पांढरं पिल्लू सकाळीच गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते वाचणारच नव्हतं. मी मान डोलावली आणि जिन्यात येऊन उभा राहिलो. सगळी लबाडी मला ठाऊक होती, आरोपीचा जबाब माझ्या खिशात होता, आणि तरीही माझ्या मनात एकच. आपण फार घट्ट धरलं का? पंख्याखाली बसलो होतो, वारं लागलं का?

बाईंना मी आरोपीचं बोलणं शब्दशः सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पण त्याला सांगितलं होतं, एकलीच हाये म्हणून. त्यानं लय आपुलकीनं विचारलं होतं ओ." पदर डोळ्याला लावला, मग तोच पदर कमरेला खोचला. "आता पोराला लावा फोन."

मुलानं 'पोलीस ठाण्यातून बोलतोय' ऐकताच आधी गाडीची कागदपत्रं आहेत म्हणून सांगितलं. मी त्याला सांगितलं, की इतकी माणसं फसली, पण ठाण्याची पायरी चढली ती एकटी तुमची आई. अशा बाईला एकटं राहता येत नाही म्हणता, तर मग कुणाला येतं? तो म्हणाला, "तिला फोन द्या." काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. गॅलरीत जाऊन गाड्या बघत उभा राहिलो. पण वृद्धाश्रमाचा विषय तिथंच मिटला. पुढे कोर्टाच्या परवानगीनं ते तांबूस पिल्लू सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला, बाईंकडेच गेलं. खटला रेंगाळला. पिल्लू रेंगाळलं नाही. ते आता चांगलं भोपळ्याएवढं झालंय आणि सोफ्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

या केसनं मला काय शिकवलं? पिल्लू घेणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आई दाखवा म्हणावं. आई दाखवत नसेल तर उठावं. दोन महिन्यांच्या आतलं घेऊ नये. पोमेरेनियनसारखी बारकी जात असेल तर आणखी थोडं थांबावं. दात बघावेत, चालवून बघावं, कारण या छोट्या कुत्र्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते. गळ्यात पट्टा घालून ओढू नये, श्वासनलिका नाजूक असते. लहान म्हणून महाग असेल तर त्या लहानपणाची किंमत पिल्लूच मोजतंय असं समजावं. आणि पैसे देण्याआधी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं. पोलीस म्हणून शिकलो ते वेगळंच. गुन्हेगार कुलूप कुठलं कच्चं आहे ते बघतो असं आम्ही समजायचो. हा माणूस दाराआड किती जण आहेत, तेवढंच विचारत होता.

निवृत्तीनंतर मी नाशिकमध्येच राहिलो. कधीमधी बाईंकडे चहाला जातो. परवा गेलो आणि ही सगळी हकिकत त्यांनाच पुन्हा पहिल्यापासून सांगितली, सापळा, टोपी सगळं. शेवटी म्हटलं, "ताई, आता मीही एक कुत्रं पाळावं म्हणतो. सगळं नीट बघून, तपासून."

बाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नका पाळू साहेब. तुम्हाला कुत्रं नकोय, तुमची गोष्ट ऐकताना मधीच उठून न जाणारं माणूस पाहिजेल. त्या बिचाऱ्या कुत्र्याला तर दारसुद्धा उघडता यायचं नाय."