हाताळणी आकार

सोनावणेबाई अर्ज लिहायला बसल्या की आधी कार्बन पेपर खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघायच्या. कार्बन जुना असेल तर ठसा नीट उमटत नाही, आणि ठसा नीट उमटला नाही तर समोरचा माणूस ‘असं काही दिलंच नव्हतं’ म्हणायला मोकळा. मग पिशवीतून दोन कोरे कागद, टाचणी आणि दोऱ्याने टोपण बांधलेलं पेन निघायचं. लिहून झालं की मूळ प्रत माझ्यापुढे सरकवायच्या, दुसरी स्वतःच्या हातात घट्ट धरायच्या आणि म्हणायच्या, “भोईर, पोच.” दुसऱ्या प्रतीवर आमचा शिक्का, तारीख आणि माझी सही पडल्याशिवाय त्या खुर्ची सोडत नसत.

नव्वदच्या दशकात मी नौपाड्यात एका कुरियर कंपनीच्या काउंटरवर होतो. परदेशातून पार्सल आलं की ते विमानतळावर कस्टम्समधून सुटून आमच्याकडे यायचं. ते सोडवण्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी. सरकारची ड्युटी वेगळी, आणि कागदपत्रं करून माल सोडवल्याबद्दल आमच्या कंपनीचा हँडलिंग चार्ज वेगळा. पोराने प्रेमाने पाठवलेल्या स्वेटरपायी आपणच पैसे मोजायचे, हे कुणाच्या पचनी पडणार? लोक यायचे, कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे, पैसे भरून पार्सल घेऊन जायचे. सोनावणेबाईंनी बोटं मोडली नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली.

“सरकारची ड्युटी मला मान्य आहे,” बिलावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. “पण हा हाताळणी आकार कसला? हाताळलं कुणी? कुठल्या नियमाखाली?” हँडलिंग चार्जला हाताळणी आकार म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

बाईंची सगळी नोकरी रेशनिंग ऑफिसात गेली होती. नवरा लवकर गेला, एकुलता एक मिलिंद शिकून कॅनडाला गेला, आणि निवृत्त होऊन बाई कळव्याच्या दोन खोल्यांत एकट्या उरल्या. “काउंटरच्या आतल्या बाजूला जन्म काढला मी,” त्या म्हणायच्या. “बाहेरच्या बाजूला उभं कसं राहायचं, ते आता शिकतेय.” खरं म्हणजे त्या उभ्या कधी राहिल्याच नाहीत. काउंटरजवळची ती लाकडी खुर्ची हळूहळू त्यांचीच झाली.

आमची पद्धत अशी होती, की आकाराबद्दल तक्रार आली की अर्ज अंधेरीच्या हेड ऑफिसला जायचा. उत्तराला आठ-दहा दिवस लागायचे. तोवर पार्सल आमच्या रॅकवर पडून. बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमाराला कळव्याहून बसने खाडी ओलांडून यायच्या. “निर्णय आला?” “नाही बाई.” “मग बसते जरा.” समोरच्या टपरीवरून चहा यायचा. बाई बशीत ओतून, फुंकर घालून पीत आणि मला रॅकवरच्या आपल्या खोक्यात काय असेल ते सांगत. “पत्रात लिहिलंय, नॉन-स्टिक तवा आहे. एका माणसाच्या भाकरीचं काय चिकटणार आणि काय निसटणार, सांग बरं?” मी हसायचो. त्याही हसायच्या. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

उत्तर बहुतेक वेळा नकाराचंच यायचं. बाई ते पत्र वाचत, घडी घालून फाईलला लावत आणि रुमालात बांधून आणलेले पैसे मोडीसकट माझ्यासमोर ठेवत. पैसे पहिल्या दिवसापासून तयार असत, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. एकदा मात्र हेड ऑफिसने दोन दिवसांतच सगळा आकार माफ केला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, “बाई, जिंकलात!” त्या म्हणाल्या, “एवढ्यात?” आणि चहाही न घेता खोकं काखेत मारून निघून गेल्या. बाईंचा स्वभावच चमत्कारिक, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

अर्जाच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक होते. “कारण लिहिल्याशिवाय अर्ज करायचा नाही. ज्याला कारण नाही तो अर्ज नव्हे, याचना.” दुसरा कायदा तारखेचा. रेशनिंग ऑफिसात म्हणे लोक मागची तारीख घालून द्या म्हणून पाया पडायचे. बाईंनी कधी घातली नाही. “आज हातात आलेल्या कागदावर तारीख आजची. कालची घालायचा अधिकार कलेक्टरलाही नाही.”

एकदा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी बिल हातात धरून काउंटरशी रडकुंडीला आली. तिचा मुलगा बोटीवर कामाला होता, त्याने रेडिओ पाठवला होता. “मना काय समजत नाय गो बाय,” ती बाईंनाच म्हणाली, कारण खुर्चीवर बसलेलं माणूस म्हणजे अधिकारी. बाईंनी तिला शेजारी बसवलं, सगळं विचारून घेतलं, कार्बन उजेडाकडे धरला आणि अर्ज लिहिला. निम्मा आकार कमी झाला. पुढच्या शुक्रवारी म्हातारी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन हजर. “ऑफिसात मी काही घेत नाही,” बाई ताठपणे म्हणाल्या. मग पिशवीत डोकावल्या आणि मला म्हणाल्या, “पण हे माझं ऑफिस नाही. अर्धे तू ने.” दोन दिवस सबंध ऑफिसला बोंबलांचा वास येत होता.

त्या वासाने की कशाने, आमच्या साहेबांचा संयम सुटला. “अरे भोईर, या बाईंचं कायतरी सेटल करून टाक ना यार. मंगळवार आला की डोकं उठतं माझं.” मग मी शहाणपणा केला. पार्सलवरून मिलिंदचा पत्ता उतरवून घेतला आणि त्याला पत्र लिहिलं, की तिकडून पाठवतानाच ड्युटी आणि आकार भरण्याची सोय आहे, फॉर्मवर तशी खूण करायची, आपल्या आईंना या वयात हेलपाटे पडतात. साहेबांसाठी लिहिलं, हे खरं. पण बाईंचंही भलं होईल, असं मला मनापासून वाटलं होतं. मिलिंदचं आभाराचं उत्तर आलं. आईने हे कधी कळवलंच नव्हतं, म्हणे.

पुढचं पार्सल आमच्या डिलिव्हरीवाल्याने थेट कळव्याला दारात नेऊन दिलं. त्याच्यापुढचंही. मंगळवार, शुक्रवार रिकामे जाऊ लागले. साहेब खूश, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मीही खूश होतो.

मग एका मंगळवारी अकराच्या सुमाराला बाई आल्या. खुर्ची ओढली, पिशवीतून डिलिव्हरीची पावती काढली. “यात काही चुकलंय का, बघ बरं.”

मी बघितलं. “नाही बाई, सगळं बरोबर आहे.”

“आकार लावायचा राहून गेला असेल.”

“मिलिंदने तिकडेच भरलाय. मीच कळवलं होतं त्याला.” ते मी फुशारकीनेच सांगितलं. “आता तुम्हाला इथे यायची गरजच नाही!”

बाईंनी पावतीची घडी घातली, रॅककडे एकदा बघितलं. तिथे त्यांचं काही नव्हतं. “चांगलं केलंस,” म्हणाल्या. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. मी चहा सांगायला विसरलो. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्यानंतर बाई आल्या नाहीत. कळवा काही लांब नाही, खाडीवरचा पूल ओलांडला की आलं. जाऊन येऊ, जाऊन येऊ, असं मी वर्षभर म्हणत राहिलो.

वर्षभराने मिलिंदच आला. आई झोपेतच गेली, म्हणाला. घर बंद करून तिच्या काही वस्तू कॅनडाला पाठवायच्या होत्या. दोन साड्या, लहानशी बुद्धमूर्ती, टोपणाला दोरा बांधलेलं पेन आणि नाडी बांधलेली एक फाईल. “सगळे चार्ज इथेच भरतो,” तो म्हणाला. “तुम्हीच तर शिकवलंत. तुमच्यामुळे आईचे हाल वाचले.” मी यादीचा फॉर्म पुढे ओढला.

कस्टम्ससाठी वस्तूंची यादी करावी लागते, म्हणून फाईल उघडली. सगळे अर्ज तारीखवार लावलेले, प्रत्येकावर आमचा शिक्का आणि माझी सही. फक्त सर्वांत वरच्या अर्जावर शिक्का नव्हता. मूळ प्रत आणि कार्बनची प्रत टाचणीने एकत्र लावलेली. बाई शेवटच्या येऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. ‘विषय: हाताळणी आकार पूर्वीप्रमाणे अर्जदाराकडूनच घेण्याबाबत.’ खाली वळणदार अक्षरात ‘कारण’ लिहून पुढे दोन टिंबं दिलेली. त्याच्यापुढे काहीच नव्हतं. उरलेला सगळा कागद कोरा होता.

“हे काय आहे?” मिलिंदने विचारलं. “चुकून लिहिलं असेल का तिने?”

“चुकून नाही,” मी म्हटलं. मिलिंद त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिला. मग तिथल्या खुर्चीवर बसला.

मी टाचणी काढली. मूळ प्रत माझ्या खणात ठेवली. कार्बनच्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि त्या दिवसाचीच तारीख घातली. मागची घालायचा अधिकार मला नव्हता.